समान जागा, समान संख्या

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत संतवाङ्मय, इतिहास, नाटक आणि संगीत या विषयांना मानाचे स्थान मिळावे, हे स्वाभाविकच आहे. त्यांच्या पंगतीला रसायनशास्त्रातील एक प्रश्न आणून बसवावा याचे काहींना नवल वाटेल. परंतु हा प्रश्न जितका शास्त्राचा आहे तितकाच शब्दांचा आणि छापील कागदाचाही आहे. त्यामुळे ग्रंथालयाच्या व्यासपीठावर तो अगदीच परका ठरू नये.

आरंभ घरातल्या एका अडचणीपासून करता येईल. इंदूर-ग्वाल्हेरकडील मराठी कुटुंबांत आजोबांचे शिक्षण मराठीत आणि नातवाचे हिंदीत, असे चित्र अपरिचित नाही. नातू पुस्तक उघडून सांगतो, की पाण्याच्या एका 'अणु'मध्ये तीन 'परमाणु' असतात. आजोबा त्याला थांबवतात आणि म्हणतात, "अरे, अणू नव्हे, रेणू म्हण!" दोघेही आपापल्या जागी बरोबरच असतात. इंग्रजीतील 'ॲटम'ला मराठीने 'अणू' म्हटले आणि 'मॉलिक्यूल'ला 'रेणू'. हिंदीने पहिल्यास 'परमाणु' म्हटले आणि दुसऱ्यास 'अणु'. रेणू म्हणजे मुळात धूळ, धुळीचा कण. पदार्थाचा स्वतंत्रपणे नांदणारा सूक्ष्म कण, असा नवा अर्थ मराठीने त्या जुन्या शब्दात भरला.

आजोबा आणि नातू यांचा हा वाद शब्दकोश उघडला की मिटतो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मात्र युरोपातील मोठमोठ्या रसायनज्ञांत नेमका हाच घोटाळा होता, आणि त्यांच्यापाशी उघडण्यासारखा शब्दकोश नव्हता. दोन शब्द होते, पण त्यांमागच्या दोन कल्पना अजून वेगळ्या झालेल्या नव्हत्या. त्या वेगळ्या झाल्या त्या पदार्थ किती जागा व्यापतो, हे मोजण्यातून. हे उत्तर १८११ सालीच छापून प्रसिद्ध झाले होते, आणि तरीही ते मान्य होण्यास जवळजवळ पन्नास वर्षे लागली. आजच्या व्याख्यानाचा विषय तोच आहे.

प्रथम जागेचा हिशेब पाहू. अठरा ग्रॅम पाणी घेतले तर ते अठरा मिलिलिटर भरते, म्हणजे चहाचे साडेतीन चमचे. हेच पाणी उकळून त्याची पूर्ण वाफ केली, तर १०० अंश सेल्सियसला आणि नेहमीच्या हवेच्या दाबाखाली ती सुमारे ३० लिटर जागा व्यापते. पंधरा लिटरचे दोन डबे भरतील एवढी ही वाफ असते. पाण्याचे रेणू तेवढेच राहिले, त्यांतला एकही वाढला नाही किंवा फुगला नाही. वाढली ती केवळ रेणूंमधली मोकळी जागा.

या मोकळ्या जागेतूनच वायूंचे एक विलक्षण वैशिष्ट्य निर्माण होते. द्रव आणि घन पदार्थांत रेणू किंवा अणू खांद्याला खांदा लावून असतात, म्हणून त्यांचे आकारमान बहुतांशी त्या कणांच्या अंगलटीवर आणि रचनेवर अवलंबून राहते. रसायनशास्त्रात ज्याला एक मोल म्हणतात तेवढ्या कणांचा गट घेतला, तर पाणी १८ मिलिलिटर, मद्यार्क सुमारे ५८ मिलिलिटर, लोखंड जेमतेम ७ आणि पोटॅशियम सुमारे ४५ मिलिलिटर जागा घेते. यांत कुठेच मेळ नाही. पण दोन ग्रॅम हायड्रोजन, अठ्ठावीस ग्रॅम नायट्रोजन, बत्तीस ग्रॅम ऑक्सिजन किंवा चव्वेचाळीस ग्रॅम कार्बन डायऑक्साइड घ्यावा, तर शून्य अंश तापमानाला आणि एक वातावरण दाबाला प्रत्येकाचे आकारमान जवळजवळ २२.४ लिटर भरते. हायड्रोजनचा रेणू वजनाने सर्वांत हलका आणि कार्बन डायऑक्साइडचा त्याच्या बावीसपट जड, तरी दोघांना जागा सारखीच लागते.

याचे कारण समजण्यास अवघड नाही. जत्रेच्या गर्दीत उभ्या असलेल्या माणसांना किती जागा लागेल, हे ती माणसे जाड की बारीक यावर ठरते. मोठ्या मैदानावर माणसे एकमेकांपासून पंधरा-वीस हात दूर उभी राहिली, तर मैदान किती लागेल हे माणसांच्या संख्येवर ठरेल. अंगलटीचा फरक हिशेबात येणारच नाही. नायट्रोजन द्रवरूप केला तर अठ्ठावीस ग्रॅम नायट्रोजन सुमारे ३५ मिलिलिटरमध्ये मावतो. वायुरूपात त्यालाच २२,४०० मिलिलिटर जागा लागते, म्हणजे सहाशेपटींहून अधिक. लांबी, रुंदी आणि उंची या तिन्ही दिशांचा विचार केला, तर दोन रेणूंमधील सरासरी अंतर द्रवातील अंतराच्या आठनऊपट झाले, असा याचा अर्थ. वायूचे आकारमान म्हणजे रेणूंनी भरलेली जागा नसून रेणूंना वावरण्यासाठी मिळालेली जागा होय.

आज शाळेतल्या मुलालाही हे सांगता येते. दोनशे वर्षांपूर्वी मात्र हे सांगणे धाडसाचे होते.

फ्रान्समधील रसायनज्ञ गे-ल्युसॅक याने १८०८ साली वायूंच्या संयोगासंबंधी एक साधा नियम मांडला. वायू परस्परांशी संयोग पावतात तेव्हा त्यांच्या आकारमानांत लहान पूर्णांकांचे प्रमाण असते. दोन भाग हायड्रोजन आणि एक भाग ऑक्सिजन मिळून दोन भाग वाफ होते. एक भाग हायड्रोजन आणि एक भाग क्लोरीन मिळून हायड्रोजन क्लोराइड वायूचे दोन भाग होतात. तीन भाग हायड्रोजन आणि एक भाग नायट्रोजन मिळून दोन भाग अमोनिया तयार होतो. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये जॉन डाल्टनने आपला अणुसिद्धांत मांडला होता. अणू अविभाज्य, एका मूलद्रव्याचे सर्व अणू सारखे, आणि संयुग म्हणजे निरनिराळ्या अणूंचा मेळ, हे त्याचे सूत्र होते. वास्तविक हे दोन सिद्धांत एकमेकांस पूरक. पण डाल्टनला गे-ल्युसॅकचा नियम पटला नाही, आणि त्याच्या हट्टामागे तर्कही होता.

तो तर्क असा. समान आकारमानात समान कण असतात असे धरले, तर वाफेच्या एका भागात जेवढे कण तेवढेच ऑक्सिजनच्या एका भागात. वाफेच्या प्रत्येक कणात ऑक्सिजनचा निदान एक अणू असून वर हायड्रोजनही आहे, तेव्हा वाफ ऑक्सिजनपेक्षा जड असली पाहिजे. प्रत्यक्षात ती हलकी असते. शिवाय हायड्रोजन आणि क्लोरीन यांच्या एकेका भागापासून दोन भाग वायू व्हायचा, तर प्रत्येक कण अर्धा व्हायला हवा. अविभाज्य अणू अर्धा कसा होणार? तेव्हा समान आकारमानात समान कण ही कल्पनाच चूक, असे डाल्टनने ठरवले. गे-ल्युसॅकच्या मोजमापांच्या अचूकपणाविषयीही त्याने शंका घेतली.

या कोड्याचे उत्तर ज्याने दिले तो माणूस पेशाने मूळचा रसायनज्ञ नव्हता. आमेदेओ आव्होगाद्रो याचा जन्म १७७६ साली इटलीतील तूरिन येथे एका न्यायाधिकाऱ्याच्या घराण्यात झाला. वयाच्या विसाव्या वर्षी त्याने धर्मसंस्थेच्या कायद्यात डॉक्टरेट मिळवली. पुढे गणित व भौतिकशास्त्र यांचा त्याने स्वतंत्रपणे अभ्यास केला, आणि १८०९ साली तो व्हेर्चेल्ली या गावातील महाविद्यालयात शिकवू लागला. १८११ साली पॅरिसच्या एका भौतिकशास्त्रीय नियतकालिकात त्याचा निबंध प्रसिद्ध झाला. डाल्टनने टाकून दिलेली कल्पनाच त्याने उचलली. तापमान आणि दाब समान असतील तर सर्व वायूंच्या समान आकारमानांत रेणूंची संख्या समान असते, हे त्याचे पहिले विधान. अडचण सोडवणारे दुसरे विधान असे, की मूलद्रव्याच्या वायूचा कण एकेरी असलाच पाहिजे असे नाही. हायड्रोजनचा रेणू दोन अणूंचा, ऑक्सिजनचाही दोन अणूंचा. संयोग होताना रेणू दुभंगतो, अणू अभंगच राहतो.

एवढे मान्य केले की सारे जुळते. वाफेच्या रेणूत ऑक्सिजनच्या रेणूचा अर्धाच भाग असतो, म्हणून वाफ ऑक्सिजनपेक्षा हलकी. पाण्याच्या रेणूत हायड्रोजनचे दोन आणि ऑक्सिजनचा एक अणू, हेही यातूनच निघते. डाल्टनच्या मते पाण्यात दोहोंचा एकेकच अणू होता.

असे असूनही हा निबंध बाजूला पडला. याचे खापर एखाद्याच्या द्वेषावर फोडणे सोयीचे असले तरी न्यायाचे होणार नाही. काही दोष लेखकाकडेही जातो. त्याने 'अणू' हा शब्दच वापरला नाही. 'रेणू' या एकाच शब्दाला निरनिराळी विशेषणे जोडून त्याने काम भागवले, आणि त्यामुळे जी कल्पना स्पष्ट व्हायला हवी होती तीच धूसर झाली. प्रयोगकर्ता म्हणून त्याचे नाव नव्हते, आणि पॅरिस, लंडन, स्टॉकहोम या विद्याकेंद्रांपासून तो दूर राहत होता. फ्रेंच शास्त्रज्ञ आँपेर याने १८१४ साली स्वतंत्रपणे अशीच कल्पना मांडली, पण तिलाही फारसा प्रतिसाद मिळाला नाही. स्वीडनचा बर्झेलियस हा त्या काळचा रसायनशास्त्रातील सर्वांत अधिकारी पुरुष. त्याच्या मते अणू जोडले जातात ते विरुद्ध विद्युत्प्रभारांमुळे. मग हायड्रोजनचे दोन सारखे अणू एकमेकांस कवटाळतील कसे?

शिवाय खरे अपवादही पुढे आले. फ्रान्समधील द्यूमा याने १८२६ नंतर वाफेची घनता मोजण्याची चांगली पद्धत बसवली. त्याच्या मोजमापांत फॉस्फरसची वाफ अपेक्षेच्या दुप्पट, गंधकाची तिप्पट आणि पाऱ्याची निम्मी जड निघाली. फॉस्फरसचा रेणू चार अणूंचा असतो, त्या तापमानाला गंधकाचा सरासरी सहा अणूंचा, तर पाऱ्याचा एकाच अणूचा, हे आज ठाऊक आहे. प्रत्येक मूलद्रव्याचा रेणू दोनच अणूंचा, असे गृहीत धरणाऱ्याला मात्र या आकड्यांनी गोंधळात टाकले. द्यूमासारख्या कुशल माणसाचाही अणुकल्पनेवरचा विश्वास डळमळला.

या गोंधळाची किंमत शास्त्राला मोजावी लागली. कोणी ऑक्सिजनचे वजन ८ धरी, कोणी १६. कोणी कार्बनचे ६, कोणी १२. एकच पदार्थ दोन प्रयोगशाळांतून दोन सूत्रांनी लिहिला जाई. ॲसिटिक आम्ल म्हणजे व्हिनेगरला आंबटपणा देणारे आम्ल. जर्मन रसायनज्ञ केकुले याच्या पाठ्यपुस्तकात त्या काळी प्रचारात असलेली या एका आम्लाची १९ निरनिराळी सूत्रे नोंदलेली आहेत. विद्यार्थ्याने कोणते शिकायचे आणि शिक्षकाने कोणते शिकवायचे?

अखेर यावर विचार करण्यासाठी जर्मनीतील कार्ल्सरूहे येथे ३ ते ५ सप्टेंबर १८६० या दिवशी परिषद भरली. निरनिराळ्या देशांतून सुमारे १४० रसायनज्ञ आले. अणू आणि रेणू यांत भेद मानावा की नाही, हा परिषदेपुढील एक प्रमुख प्रश्न होता. चर्चा पुष्कळ झाली. जेनोव्हा येथे शिकवणारे इटालियन प्राध्यापक स्तानिस्लाव कान्नित्सारो यांनी आव्होगाद्रोच्या मताचा जोरदार पुरस्कार केला. परंतु अणुभारांबाबत सर्वमान्य निर्णय झाला नाही, आणि शास्त्रीय प्रश्न मतदानाने सुटत नाहीत, ही भावनाही व्यक्त झाली. परिषदेतून काहीच निष्पन्न झाले नाही, असे त्या संध्याकाळी कोणी म्हटले असते तर ते खोटे ठरले नसते.

निरोप घेण्याच्या सुमारास आंजेलो पावेझी नावाच्या इटालियन रसायनज्ञाने उपस्थितांना एक छोटी पुस्तिका वाटली. ती कान्नित्सारो यांची होती. आपण विद्यार्थ्यांना रसायनशास्त्र कोणत्या क्रमाने शिकवतो, याचा त्यांनी लिहिलेला गोषवारा १८५८ साली एका इटालियन नियतकालिकात आला होता, आणि पुढे तो पुस्तिकेच्या रूपाने निघाला. तिच्यात एकही नवा प्रयोग नव्हता. सत्तेचाळीस वर्षांपूर्वीची कल्पना घेऊन ती शेवटपर्यंत नेली तर काय निष्पन्न होते, एवढेच तिच्यात दाखवले होते.

कान्नित्सारो यांची रीत एका शिक्षकाला शोभेल अशी आहे. हायड्रोजनच्या रेणूचे वजन दोन धरावे. समान आकारमानात समान रेणू असल्याने कोणत्याही वायूचे वजन हायड्रोजनच्या तेवढ्याच आकारमानाशी ताडून पाहिले, की त्याच्या रेणूचे वजन कळते. कार्बनचा अणुभार काढायचा असेल तर त्याची अनेक वायुरूप संयुगे घ्यावीत. कार्बन मोनॉक्साइडचे रेणुवजन २८, त्यात कार्बन १२. कार्बन डायऑक्साइडचे ४४, त्यातही कार्बन १२. मिथेनचे १६, कार्बन पुन्हा १२. एथिलीनचे २८, त्यात कार्बन २४. बारा किंवा बाराची पट, याहून वेगळा आकडा येतच नाही. तेव्हा कार्बनचा अणुभार १२. पाऱ्याची आणि फॉस्फरसची अडचणही या रीतीत आपोआप सुटते, कारण रेणूत अणू किती हे येथे आधी गृहीत धरलेले नसून मोजणीतून निघते.

लोथार मायर हा तरुण जर्मन रसायनज्ञ ती पुस्तिका खिशात घालून परतला. वाटेत त्याने ती वाचली, घरी पोहोचल्यावर पुन्हा वाचली. डोळ्यांवरची झापड दूर झाली आणि शंकांच्या जागी निश्चिती आली, असे पुढे त्याने स्वतःच नमूद केले आहे. रशियाचा मेंडेलीव्ह त्या वेळी २६ वर्षांचा होता. तोही परिषदेस हजर होता आणि कान्नित्सारो यांच्या प्रतिपादनाने प्रभावित झाला. १८६९ साली त्याने मूलद्रव्यांची आवर्त सारणी प्रसिद्ध केली. १८७० साली मायरने मूलद्रव्यांच्या अणूंनी व्यापलेल्या आकारमानाचा आलेख काढला, आणि त्यातही तोच आवर्ती चढउतार दिसून आला. लिथियम, सोडियम, पोटॅशियम हे एका कुळातले धातू आलेखाच्या शिखरांवर बसले. खरे अणुभार हाती नसते तर या दोघांनाही ती रचना दिसली नसती.

आव्होगाद्रो मात्र हे पाहण्यास राहिला नव्हता. परिषदेच्या चार वर्षे आधी, ९ जुलै १८५६ रोजी, तूरिन येथे त्याचा मृत्यू झाला होता. ज्या संख्येला आज त्याचे नाव आहे ती त्याने कधी मोजली नव्हती. समान आकारमानात समान रेणू, एवढेच त्याने सांगितले. किती, हे त्याला सांगता येण्यासारखे नव्हते.

ती मोजणी पुढे झाली, आणि तिचाही आरंभ जागेच्या हिशेबातूनच झाला. व्हिएन्नामध्ये शाळेत शिकवणाऱ्या लोश्मिट याने १८६५ साली विचार केला, की वायू द्रवरूप झाला म्हणजे त्याच्या आकारमानातील मोकळी जागा जवळजवळ नाहीशी होते. तेव्हा द्रवाच्या आणि वायूच्या आकारमानांची तुलना करावी, आणि एक रेणू दुसऱ्यावर आदळेपर्यंत सरासरी किती अंतर जातो हे ठाऊक असलेले मान त्यास जोडावे, म्हणजे रेणूचा व्यास निघेल. त्याचे उत्तर मिलिमीटरच्या सुमारे दहा लाखाव्या भागाएवढे आले. आजच्या मानाने ते तिपटीने मोठे आहे, परंतु न दिसणाऱ्या कणाची लांबीरुंदी सांगण्याचा तो पहिला यशस्वी प्रयत्न होता. १९०९ साली झाँ पेरँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने, पाण्यात तरंगणारे राळेचे सूक्ष्म कण सूक्ष्मदर्शकाखाली मोजून एका मोलमधील रेणूंची संख्या काढली आणि तिला आव्होगाद्रोचे नाव सुचवले. २० मे २०१९ पासून ती संख्या आंतरराष्ट्रीय मापनपद्धतीत कायमची निश्चित झाली आहे. ६०२२१४०७६ या आकड्यापुढे पंधरा शून्ये, अशी ती लिहिता येते. विद्यार्थ्यांना पुस्तकात कधी २२.४ तर कधी २२.७ लिटर असा आकडा दिसतो, त्यात चूक नाही. १९८२ साली प्रमाण दाबाचे मूल्य एक वातावरणाऐवजी किंचित कमी, म्हणजे एक बार, असे ठरवण्यात आले. दाब कमी झाला की वायू तेवढा पसरतो, एवढाच त्याचा अर्थ.

श्रोतेहो, ही हकीकत ग्रंथालयाच्या शताब्दीप्रसंगी सांगण्याचे कारण आता ध्यानात आले असेल. शंभर वर्षांचे वय झालेल्या कोणत्याही ग्रंथालयापुढे जागेचा प्रश्न उभा असतोच. कपाटे तेवढीच राहतात आणि ग्रंथ वाढत जातात. मग देवघेवीची नोंदवही उघडली जाते, आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांत एकदाही बाहेर न गेलेली पुस्तके निर्लेखनाच्या यादीत जातात. कसर लागून पानांचा भुगा झालेले पुस्तक किंवा चौथी-पाचवी जादा प्रत काढून टाकण्यास कोणाची हरकत असणार नाही. पण केवळ कोणी मागितले नाही म्हणून एकुलती एक प्रत बाद करण्यापूर्वी १८११ सालच्या त्या निबंधाची आठवण व्हावी. मागणी हा एकच निकष लावला असता, तर पन्नास वर्षे तो निबंध टाकाऊच ठरला असता.

महाराष्ट्राबाहेरील मराठी ग्रंथालयाची जबाबदारी तर अधिकच मोठी आहे. पुण्या-मुंबईत एका ठिकाणी न मिळालेले पुस्तक दुसऱ्या ठिकाणी मिळू शकते. येथे मात्र कपाटातली प्रत ही बहुधा गावातली शेवटची प्रत असते. जुन्या मराठी शास्त्रीय पुस्तकांतून 'अणू', 'रेणू' यांसारखे शब्द कसे घडले, कोणते टिकले आणि कोणते मागे पडले, याचा मागोवा घेणाऱ्याला दुसरीकडे जाण्याची सोय नसते. म्हणून निर्लेखनाच्या यादीवर सही होण्यापूर्वी त्यातील प्रत्येक पुस्तक त्या विषयाच्या एका तरी जाणकाराने उघडून पाहावे, असा नियम शताब्दी वर्षात करता आला तर तो या समारंभाचा एक टिकाऊ लाभ ठरेल. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. सभासदांपैकी आठ-दहा जणांनी महिन्यातून एक दुपार दिली तरी पुरे.

आव्होगाद्रोची कल्पना मार्गी लागली ती दोन माणसांमुळे. एकाने ती शोधून, नीट लावून पुन्हा लिहिली, आणि दुसऱ्याने ती परगावी निघालेल्या मंडळींच्या हाती दिली. पहिले काम अभ्यासकाचे आणि दुसरे ग्रंथपालाचे. ही दोन्ही कामे शंभर वर्षे निष्ठेने करीत आलेल्या या संस्थेस पुढील शतकासाठी मनःपूर्वक शुभेच्छा.